मयूच्या वहीचं कव्हर

मयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापुरात छापखान्यात आमच्या संघटनेच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होतो. मावशी एवढंच म्हणाली, "सुटली रे पोर..." टोकावड्याजवळच्या गावातली माझी ही मावसबहीण, बारा वर्षांची. मांडीत गाठ आली, तर गावातल्या चोळणाऱ्याने मुका मार म्हणून ती दोन महिने तेलाने रगडली. त्या माणसाची मला आजही किळस येते. पण खरी किळस पुढेच आहे.

मुंबईच्या डॉक्टरांनी स्नायूंचा कॅन्सर सांगितला. उपचार झाले, गाठ परत आली. मग त्यांनी विचारलं, जुन्या औषधांना एका नव्याची जोड देऊन पाहतोय, चाचणी आहे, खात्री नाही, घेता का? मावशीने सही केली नाही. कारण घरात माझंच पत्रक होतं : 'गरिबांची पोरं प्रयोगाचे उंदीर नाहीत!' ते लिहिताना मी एकाही डॉक्टरला भेटलो नव्हतो, आजारी पोराला तर नाहीच. उद्गारचिन्ह मात्र ठसठशीत मारलं होतं. तीन आठवडे पोर घरी पडून राहिली. मी भेटायला गेलो, तर पेज ढवळत म्हणाली, "दादा, गाठ माज्या पायात हाय का तुज्या?"

"गो, ते लोक तुझ्यावर प्रयोग करतील."

"मंग तो तेलवाला काय करीत व्हता? त्यानं तर इचारलं पन नाय."

दुसऱ्या दिवशी मीच दोघींना घेऊन गेलो. मयूने डॉक्टरांना बजावलं, "औषद नाय चाललं तर मला सांगायचं. खोटं नाय बोलायचं." मावशीची सही झाली, मयूची वेगळी. ताप, उलट्या, गोळ्या लिहायला वही मिळाली. ती तिने एकही दिवस चुकवली नाही. गाठ काही महिने आटली, मग छातीत उतरली... डॉक्टरांनी शब्द पाळला. ते तीन आठवडे नडले का, मी विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले.

दहाव्याला गावचा एक पुढारी खांद्यावर हात टाकून म्हणाला, "प्रयोगानंच मारली ना पोर? तुझं ते पत्रक परत काढ, मी वाटतो." हात झटकला. त्याची किळस आलीच. पण त्याच्या तोंडातलं वाक्य माझं होतं.

वही हॉस्पिटलला परत करायची होती, तिच्यातल्या नोंदी पुढच्या पोरांच्या कामी येणार होत्या. देताना मावशीने कव्हर तेवढं काढून घेतलं आणि माझ्या हातात ठेवलं. शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं, माझ्याच पत्रकाचं, छापील बाजू आत. कोऱ्या बाजूवर मयूच्या अक्षरात : नाव मयुरी. इयत्ता सातवी. विषय नवीन औषध.