लेबलवरचा हात

मी क्षमाशील बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको.

ऐंशीच्या दशकात आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहत होतो आणि मी गोडा मसाला विकायचे. सुरुवात ओळखीच्या घरांपासून झाली, मग शिकागोतली चार देशी दुकानं माल घेऊ लागली. डब्याच्या लेबलवर एक हात होता. मनगटात हिरव्या बांगड्या, मुठीत बत्ता, खाली खल. तो माझ्या आईचा हात. आई डावखुरी, म्हणून चित्रातला हातही डावा. ती गेल्यावर एका जुन्या फोटोवरून मीच ते चित्र काढलं होतं. नवऱ्याने हौसेने त्याचा ट्रेडमार्क रजिस्टर केला. सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हा मला वाटलं, आता हे चित्र जगात कुठेही गेलं तरी माझंच.

नवऱ्याचा कॉलेजातला एक मित्र ट्रिनिदादला होता. तेलाच्या कंपनीत म्हणून गेला आणि नोकरी सोडून पोर्ट ऑफ स्पेनमध्ये किराणा दुकान टाकून बसला. एकदा आमच्याकडे आठ दिवस राहिला. माझ्या हातची आमटी ओरपत म्हणाला, "वहिनी, तिकडे इंडियन लोक पिढ्यान् पिढ्या आहेत, पण हा टेस्ट कुणी पाहिलेला नाही. तुम्ही पाठवा फक्त, मी बघतो सगळं." करारबिरार काही नाही. आपल्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं.

मी पार्सलं पाठवू लागले. कस्टम्सच्या फॉर्मवर दर वेळी 'गिफ्ट' लिहायचे. भारतात बहिणीला पार्सल पाठवताना लिहायचे, तसंच. आमच्यात सगळेच लिहायचे, ड्यूटी वाचते म्हणून. बिल असं मी कधी केलंच नाही.

दोन वर्षांनी त्याच्या ऑर्डरी एकाएकी थांबल्या. "मार्केट डाउन आहे, वहिनी," एवढंच फोनवर म्हणाला. मग आमच्या जवळच्याच नेपरव्हिलच्या एक काकू सुट्टीत ट्रिनिदादला जाऊन आल्या आणि कौतुकाने माझ्यापुढे डबा ठेवला. "अगं, तुझा मसाला तिथेही मिळतो की!" लेबल माझं, हात आईचा आणि खाली नाव त्याच्या दुकानाचं. झाकण काढून वास घेतला. शिळ्या धण्याचा भुसा होता नुसता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ट्रिनिदादमधल्या एका वकीलबाईंना फोनवर गाठलं. त्यांनी शांतपणे समजावलं की अमेरिकेतलं सर्टिफिकेट तिथे चालत नाही, प्रत्येक देशाचं रजिस्टर वेगळं. त्याने चित्र स्वतःच्या नावावर करायला अर्ज टाकला होता, चित्र आपणच काढलं असं लिहून दिलं होतं, गॅझेटात जाहिरातही आली होती आणि हरकत घ्यायला जेमतेम काही आठवडे उरले होते. "त्याच्या आधी तुमचा माल याच लेबलखाली इथे विकला जात होता आणि त्याला ते माहीत होतं, एवढं दाखवा. कागद काय आहेत तुमच्याकडे?"

कागद होते ना. गिफ्ट, गिफ्ट, गिफ्ट. सरकारदरबारी मी त्या माणसाला दोन वर्षं प्रेमाने भेटी पाठवत होते!

"जाऊ दे ना गं," नवरा म्हणाला. "छोटंसं आयलंड ते. इथे आपण सेफ आहोत ना?"

"माझ्या आईचा हात आहे तो," मी म्हटलं. "त्या हाताने तो भुसा विकतोय." त्या आठवड्यात मी नवऱ्याशीही धड बोलले नाही.

घर उलथंपालथं करताना शेवटी रेसिपींच्या फाइलमध्ये एक पत्र सापडलं. त्या मित्राच्या बायकोचं. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण पहिल्या मालाबरोबर तिच्यासाठी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू पाठवले होते. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून तिने इकडे येणाऱ्या कुणाबरोबर त्यात कुचेला, म्हणजे तिकडचं कैरीचं तिखट लोणचं, भरून पाठवलं होतं. सोबत हे पत्र. पाठीमागे लोणच्याची कृती होती, म्हणून मी ते जपलं होतं. पुढच्या बाजूला तारीख घालून सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'ताई, तुमचे डबे दुकानात मांडले आणि आठवड्यात संपले. लेबलवरचा हात तुमच्या आईंचा, असं यांनी सांगितलं. गिऱ्हाइकं विचारतात, या बाई डावखुऱ्या होत्या का?'

एका पानात सगळा खटला! मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या पिटल्या. भाषांतर पूर्ण कागदाचं हवं होतं, त्यामुळे नोटरीच्या शिक्क्याखाली कैरी किसून, पिळून वाळवायची कृतीसुद्धा इंग्रजीत गेली.

वकीलबाईंनी आधी त्याच्या वकिलाला नक्कल दाखवली. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "वहिनी, मी ॲप्लिकेशन विथड्रॉ करतो. ते पत्र तेवढं फाइल करू नका. घरातल्या बाईचं पत्र आहे, चार लोक वाचणार. फार एम्बॅरसिंग होईल हो."

मला हवं होतं ते मिळत होतं. नवरा समोरून हात जोडून खुणा करत होता. पण नुसतं हवं ते मिळून माझं पोट भरणार नव्हतं.

"नाही भावजी," मी म्हटलं. "तुम्ही खोटं बोललात, हे मला शिक्का मारून हवंय."

पत्र फाइल झालं. सुनावणी झाली, त्याचा अर्ज फेटाळला गेला आणि पुढे हात माझ्या नावावर लागला. त्याच्या गोदामात उरलेल्या डब्यांचं काय करायचं, असं वकीलबाईंनी विचारलं. फेकून दिलेलं मला चालणार नव्हतं. एकेक लेबल सुरीने खरवडून काढायचं, तेही त्यांच्या कारकुनासमोर, अशी अट मी घातली. नाहीतर नुकसानभरपाईचा दावा लावते म्हटलं. तो कबूल झाला. पुढचे काही दिवस काय मजेत गेले माझे! कणीक मळताना तो मला दिसायचा. गोदामात उकिडवा बसलेला, घामाघूम, नखांत डिंक भरलेला.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. आवाज ओळखीचा नव्हता.

"ताई, मी बोलतेय. लेबलं झाली सगळी काढून. कारकून काल सही करून गेले."

"हे तुम्ही का सांगताय?" मी विचारलं.

"मीच काढली ना. हे असल्या कामाला हात लावत नाहीत. पाच दिवस लागले." मग म्हणाली, "त्या पत्रापासून हे माझ्याशी बोलतही नाहीत. त्याचं जाऊ दे. पण तुमच्या आईंच्या हातावर सुरी फिरवताना बरं नाही वाटलं हो."

मी तिची माफी मागायला हवी होती. शब्द तोंडापर्यंत आलेही होते. पण त्यांच्याआधी संताप बाहेर पडला, आणि मी म्हटलं, "फोन त्यांना द्या."

ते घरी नव्हते. क्लबात पत्ते खेळायला गेले होते.