मान सोडू नको, छाती दाबू नको

प्रार्थनेच्या वेळी मार्थामावशी डोळे उघडे ठेवायच्या. हे मला ठाऊक आहे, कारण माझेही उघडेच असायचे. तळोद्याच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा मी सेक्रेटरी. कोण आलं, कोण नाही, हे डोळे मिटून कसं कळणार? एकदा मी त्यांना टोकलं, तर म्हणाल्या, "मी देवशी बोली ऱ्हायनी रे भो. बोलतांना त्यानाकडे दखू नको का?"

आयुष्यभर त्यांनी दवाखान्यात बाळंतपणं केली. माझी मुलगी झाली तेव्हा मी तिला गॅसच्या टाकीसारखी आवळून धरली. मावशींनी हातावर चापट मारली. "मान सोडू नको, छाती दाबू नको. देव आमले असंच धरस." चर्चमध्ये पाळकसाहेब तासभराच्या प्रवचनात जे सांगत, ते त्यांनी एका चापटीत उरकलं. घाबरलेल्या बाळंतिणीलाही त्या म्हणत, "पोर मायले धरस का? माय पोरले धरस. तू भिऊ नको."

गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्यासाठी त्यांना सुरतेला नेलं. एका रविवारी, उपासनेच्या जरा आधी, तिथं नोकरी करणाऱ्या त्यांच्या भाच्याचा मला फोन आला, "मावशीले घर लई गयात." घरी नेलं, एवढंच.

आता, आमच्या मंडळीत माणूस मरत नाही. प्रभू त्याला घरी नेतो. मी डोळे पुसले आणि ग्रुपवर शुद्ध मराठीत लिहिलं, 'आपल्या प्रिय मार्थामावशींना प्रभूने आपल्या घरी नेले.' चर्चची घंटा वाजली. खापर गावाहून जीप भरून बायका रडत आल्या. सगळ्यांच्या पुढे मी, हातात झेंडूचा हार घेऊन.

मावशी आपल्या घरी खाटेवर बसून पेज पीत होत्या.

"ये सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. "इतली घाई तर देवलेबी नही."

बायका रडता रडता हसल्या. हसणं ओसरल्यावर खरं कळलं. डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून घरी पाठवलं होतं. माझी चूक फक्त काही दिवसांची होती.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "मले भेव वाटस रे," त्या हळूच म्हणाल्या. "प्रार्थना करस, पन तठे कोनी नही असं वाटस. आयुष्यभर बायास्ले सांगं, भिऊ नको. ते खोटं व्हतं का?"

मी खिशातून कागद काढला. शोकसभेसाठी लिहिलेली प्रार्थनाच थोडी फिरवून वाचू लागलो, "हे करुणासागरा, सर्वसमर्थ..."

"ऱ्हाऊ दे. तुन्हा देव शाळा तपासनारा साहेब शे का?"

मग मी कागदाची घडी केली. घरची बोली मी ऑफिसात लाजून सोडली होती. देवाशी तर ती कधी बोललोच नव्हतो. कसंबसं तोंडातून निघालं, "देवबा, मावशीले भेव वाटस. तू शे ना?" मावशींनी डोळे पुसले, स्वतःचे नव्हे, माझे.

उत्तर काही आलं नाही. बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत गेलं, एवढंच.

आठव्या दिवशी भर दुपारी त्या गेल्या. त्या सकाळी मी मूर्खासारखं विचारलं होतं, "मावशी, भेव गयं का?"

"नही रे," त्या म्हणाल्या. श्वास पुरत नव्हता, म्हणून थांबल्या, मग इथे म्हणून छातीवर बोट ठेवलं. "भेव आठेच शे. पन तोबी आठेच शे."