झेललेला नारळ

पाटलांनी नारळ वरून टाकला.

"झेल रं. झेलायची सवयच हाय तुला," ते म्हणाले. सगळा मंडप हसला.

मी झेलला. हात आपोआप उठले. त्याचीच लाज अजून वाटते.

कोरेगावजवळच्या आमच्या गावच्या शाळेनं माझा सत्कार ठेवला होता. शाळेच्या पोरांनी सांगलीला बास्केटबॉलचे सामने जिंकले होते, आणि त्यांना शिकवणारा मी. पाटील शाळेचे अध्यक्ष. ते व्यासपीठावर, मी खाली मातीत उभा. मी महारवाड्यातला.

लढाई संपली, पलटणीतून नाव कमी झालं, तेव्हा येताना एक कातडी चेंडू घेऊन आलो होतो. खेळ छावणीत शिकलो. हेडमास्तर म्हणाले, पोरांना शिकव, पगार मात्र नाही. मी हो म्हणालो. लोहाराकडून दोन लोखंडी कडी करून घेतली, खांब पुरले, मैदानातले खडे वेचले. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो आणि संध्याकाळी तिथं जायचो. अंग मोडून यायचं. तरी जायचो. दोन वर्षं. चेंडू माझ्या हातातून पोरांच्या हातात जायचा. घरी गेल्यावर पोरांना विटाळ झाला म्हणून घरचे अंगणातच अंघोळ घालायचे. मला माहीत होतं. मी गप्प होतो.

नारळ धरून मी पोरांकडे पाहिलं. नऊ जण, ओळीत बसलेले. कुणाचा हात कसा चालतो, मला झोपेत सांगता आलं असतं. एकाचीही मान वर आली नाही.

मी पायऱ्या चढलो.

"आरं, वर कुठं?" कुणीतरी ओरडलं.

नारळ पाटलांपुढच्या टेबलावर ठेवला.

"आवं पाटील, द्यायचा तर हातात द्या. न्हाईतर नगं."

पाटील ताडकन उठून मागं सरले. टेबलावर गोमूत्र शिंपडायला माणूस धावला. हेडमास्तर चार हात लांबून म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

घरी येऊन पडून राहिलो. दोन दिवस कामावर गेलो नाही. रागसुद्धा येईना. नुसता थकवा, हाडात शिरलेला. बायकोला म्हणालो, "दोन वर्सं शिकवलं. एकानंबी मान वर केली न्हाई."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आन् आपल्या वाड्यातल्या किती पोरास्नी शिकवलंत?"

एकालाही नाही. शाळेनं नको म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. विचारलं तर आपल्यालाच हाकलतील, ही भीती. तिथली पोरं मला मास्तर म्हणायची, तेवढ्यावर मी भुललो होतो.

तिसऱ्या दिवशी वाड्याबाहेरच्या पडीक जागेत खांब रोवला. बारा पोरं आली. त्यात दोन मुली.

महिन्याभरानं हेडमास्तरांचा शिपाई आला. सामने जवळ आलेत, झालं गेलं विसर आणि शिकवायला ये, असा निरोप.

मी म्हणालो, "त्यास्नी सांग, मी येत न्हाई. ज्याला शिकायचं हाय, त्यानं हितं यावं. आमच्या पोरांच्या मागं उभं ऱ्हावं."

"आन् सामने?"

"सामन्याला आमी येनार. आमची पोरं घिऊन. उतरू दिलं न्हाई तर मैदानातच बसू. मग खेळ कुणाचाच हुनार न्हाई."