हमामाच्या छतातले ठिपके

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात मी गाड्यांचे रबरी भाग तपासते. ‘पास’चं लेबल लागलेल्या खोक्यातलेही चार तुकडे काढून पाहायची सवय आहे. घरीही ती सुटत नाही, अशी सासूबाईंची तक्रार असते.

त्या तंजावरी मराठी, मी साताऱ्याची. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हापासून दारातला कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, त्यांचाच. पंधरा ठिपके, आठ ओळी, रोज पहाटे. गेल्या वर्षी त्यांनी अचानक उंबऱ्यासमोर प्लास्टिकचा कोलम चिकटवला. म्हणाल्या, कंबर धरते. पण शेवग्याचा पाला निवडायला त्याच तासभर जमिनीवर वाकून बसत. मला ते पटलं नाही. त्या माझ्यावर रागावल्यात, असं मी धरून चालले.

मुलगी स्पेनमध्ये शिकते. उन्हाळ्यात आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. एका सकाळी ती कॉलेजला गेल्यावर मी सासूबाईंना गावातला जुना हमाम दाखवायला नेलं. इथल्या मुस्लिम, म्हणजे मूर, राजांच्या काळातलं हे सार्वजनिक न्हाणीघर नीट जपलेलं आहे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत दगडी खांब आणि जाड भिंतींचा अंधार. उजेड फक्त कमानदार छताला पाडलेल्या चांदणीच्या आकाराच्या भोकांतून येत होता.

आत पाऊल टाकताच त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

“फरशी निसरडी आहे गं.”

“आई, शेकडो वर्षांत इथे कोणी आंघोळ केलेली नाही. पाणी कुठंय?”

“तुला काय ठाऊक? तू होतीस का तेव्हा?”

थंड खोलीतून कोमट खोलीत जाताना त्यांचा खांदा खांबाला लागला. खांब माझ्या कमरेहून जाड होता. त्या खांबालाच “अय्यो” म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. तेव्हा मी नमुना तपासायचं ठरवलं.

“आई, वर बघा. कोलमच काढलाय जणू. किती ठिपक्यांचा?”

या बाईनं एरवी माझ्या आधी मोजून सांगितलं असतं. त्यांनी मान वर केली, पण भलतीकडे.

“पंधरा ठिपके, आठ ओळी,” त्या ठसक्यात म्हणाल्या.

छताला तीन ओळी होत्या. ओळीत पाच.

मी त्यांना भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर बसवलं. “दिसत नाही ना?”

“दिसतं.” मग कट्ट्याची कड चाचपत, “समोरचं दिसतं. कडेचं नाही. अंधारात तर काहीच नाही.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकाला बाई ठेवली असतीस.”

“ठेवली असती,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

“बघ!” त्या म्हणाल्या. “मग मी दिवसभर काय करू? तुमच्या टीव्हीला पहारा देऊ?”

तिसरी, गरम खोली आम्ही पाहिलीच नाही. हात धरून मी त्यांना बाहेर आणलं आणि तिथूनच नवऱ्याला फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं.

चेन्नईत डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब घातले तर उरलेली टिकवता येईल. घरी आल्यावर आम्ही ठरवलं: थेंब चुकले नाहीत तर शेगडी त्यांची, चुकले तर बाई येणार.

“शेरी,” त्या म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे. इतक्या पटकन मान्य केलं, हेच मला खटकलं.

आता रोज संध्याकाळी कामावरून आले की विचारते, “थेंब घातले?”

“घातले.”

मी बाटली खिडकीच्या उजेडात धरून औषध सकाळपेक्षा खाली गेलंय का ते पाहते.

“बघ, बघ,” स्वयंपाकघरातून आवाज येतो. “आणि हवं तर लेबलही लाव.”