अल्बमची वाटणी

पाकिटाचा तुकडा पाण्यात टाकला की थोड्या वेळानं तिकीट आपणहून कागद सोडतं आणि हळूच सुटं होतं. मग ते वर्तमानपत्रावर वाळत घालायचं आणि कोणाला पंख्याचं बटण दाबू द्यायचं नाही. वाशीमला काकांच्या बैठकीत रविवारची दुपार अशीच जाते. हात ओले, पंखा बंद, उठायची सोय नाही. मग माणसं बोलतात. तिकिटं वाळेपर्यंत दोन-चार किस्से साचलेले असतात.

काका पोस्टातून रिटायर झालेले. जुन्या तिकिटांचा भाव काढायला लोक त्यांच्याकडेच येतात. मी त्यांच्याकडे चिमट्यानं तिकीट धरायला शिकले. रफीकभाई स्टेशनजवळ जुनी नाणी विकतात. आम्ही तिघंच. पण यंदाचे सगळे किस्से एकाच अल्बमचे आहेत.

*

अल्बम मंगरूळपीरच्या दोन भावांचा. थोरले नामदेव, धाकटा भास्कर. वडील पोस्टमन होते, त्यांनी आयुष्यभर तिकिटं जमवली. शेत वाटून झालं, घर वाटून झालं, एवढंच राहिलं होतं.

"दोन सारखे हिस्से करून द्या काका," नामदेव म्हणाले. "हे झालं की आमचं एकमेकाकडे काही काम नाई. येणं-जाणं बंद."

दोघं एकाच चटईवर एकमेकांकडून तोंडं फिरवून बसले. बोलणं माझ्यामार्फत. "ताई, त्याले म्हणा, पान उलटव."

पान उलटवणारा हातभर अंतरावर!

काका म्हणाले, एकेका तिकिटाचा भाव काढावा लागेल, बरेच रविवार जातील. एवढे का, ते मी विचारलं नाही.

*

एका सारसाच्या तिकिटावर डोक्याशी लाल ठिपका निघाला. छपाईतली चूक असली तर भाव चढतो, म्हणून दोघंही श्वास धरून बसले. काकांनी भिंग लावलं, नखानं हलकेच चाचपलं.

"कुंकू आहे."

नामदेवांच्या घरी लक्ष्मीपूजनाला दागिन्यांसोबत अल्बमही पाटावर मांडला होता. "किमती वस्तू हाय, तं हळदीकुंकू नाई वाहाचं?"

"ताई, त्याले म्हणा, हे नुकसान तुह्या हिश्शात धर," भास्कर म्हणाला.

"नुकसान कायचं?" रफीकभाई म्हणाले. "सारस होता, सुवासीन झाली."

*

नवं तिकीट निघतं त्या दिवशीचा शिक्का मारलेली पाकिटं, म्हणजे फर्स्ट डे कव्हरं, भास्करकडे होती. पावसात भिजू नयेत म्हणून त्यानं सगळी लॅमिनेट करून आणली. मोठ्या अभिमानानं काकांपुढे ठेवली.

"आता शंभर वर्षं काही होत नाई यायले."

काकांनी एक पाकीट उजेडात धरलं. "खरं आहे. शंभर वर्षं कोणी घेणारही नाही."

नामदेवांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

*

पण पुढच्या रविवारी त्यांचीच पाळी आली. वडिलांचं सर्वांत जुनं, सर्वांत जपलेलं तिकीट. काकांनी भाव सांगितला, दीड रुपया. असली तिकिटं ढिगानं छापली होती.

"माह्या बापाचा भाव दीड रुपया?"

"वडिलांचा नाही. तिकिटाचा. वडिलांचा भाव मला काढता येत नाही."

त्या दिवशी दोघंही चहा न घेता गेले. एकामागोमाग एक, मधे चार पावलं सोडून.

*

काही तिकिटं दिसायला सारखी असतात, पण कागदात दडलेली खूण वेगळी असते. काकांनी एक तिकीट काळ्या फरशीवर पालथं ठेवलं आणि पाठीवर एक थेंब सोडला. आम्ही सगळे वाकलो. ओल पसरत गेली आणि कागदात बारीक बारीक तारे उगवले. खिडकीबाहेरची मोटारसायकल, बाजाराचा आवाज, सगळं दूर गेल्यासारखं झालं. पाणी सुकलं, तारे मावळले.

"दादा, दिसले का तुले?" भास्कर म्हणाला.

मग त्याच्या लक्षात आलं, आपण बोलत नाही. तो माझ्याकडे वळला. "ताई, त्याले विचारा, दिसले का."

"त्याले म्हणा, दिसले," नामदेव म्हणाले.

*

शेवटी दोन सारखे ढीग झाले आणि मधे एक जोडी उरली. एकमेकांना चिकटूनच छापलेली दोन तिकिटं, दोन वेगळे पक्षी, दोघांच्या मागे एकच तळं. जोडी असेल तर भाव अख्ख्या अल्बमपेक्षा जास्त. मधे फाडली तर काहीच नाही.

"फाडा," भास्कर म्हणाला.

काकांनी जोडी नामदेवांच्या हातावर ठेवली. "थोरला तू. तूच फाड."

नामदेवांनी जोडी उजेडात धरून पाहिली. मग जोडी खिशात घालून उठले. भास्करनं मागे बघितलं नाही. मला वाटलं, संपलं आता.

पंधरा दिवसांनी भास्कर एकटाच आला. हातात पाकीट. त्यावर ती जोडी गोंदानं चिकटवलेली, आणि दोन्ही पक्ष्यांवर मिळून पोस्टाचा एकच काळा शिक्का. पत्ता भास्करचा, अक्षर नामदेवांचं. दोघांच्या घराची मधली भिंत एकच आहे.

"जुन्या किमतीचं तिकीट, कमी पडलं होतं," भास्कर म्हणाला. "पोस्टमनले दंड देऊन सोडोलं."

काकांनी भिंग उचललं. भास्करनं पाकिटावर हात ठेवला.

"भाव नाई विचारून राह्यलो, काका. मले फक्त एवढं सांगा, उत्तर धाडाचं तं तिकीट केवढ्याचं लागते?"