सोमीबाईच्या गाठीचे दोन रिपोर्ट

हे मी लिहावं का, हे अजून माझं नीट ठरलेलं नाही. मी डॉक्टर नाही. मुंबईत कॅन्सरच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये काम करतो, आणि हे घडलं तेव्हा तर डी.एम.एल.टी.चा, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाचा, विद्यार्थी म्हणून ट्रेनिंगला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण यातली माझी चूक दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

दुपारची वेळ होती आणि माझ्या हातातला तुकडा कुटला जात नव्हता.

तुकडा म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या स्तनाच्या गाठीचा, वाटाण्याएवढा. थिएटरमधून तो बर्फाच्या थर्मासमध्ये यायचा. आम्ही तो गोठवून ठेवायचो आणि आठवड्यातून एकदा सगळे तुकडे काढून, कुटून, त्यांचा रस वेगळा करून टेस्ट लावायचो. बर्फ एवढ्यासाठी, की आम्ही शोधायचो ते प्रथिन थंडीतून बाहेर काढलं की नासतं. त्याला रिसेप्टर म्हणतात. बाईच्या अंगातलं हार्मोन गाठीच्या पेशीला जिथे येऊन धरतं, ती जागा. ज्या गाठीत अशा जागा भरपूर, ती गाठ हार्मोनवर पोसते. मग त्या बाईला हार्मोनची वाट अडवणारी गोळी देता येते. रोज एक, घरी बसून. सलाइन नाही, उलट्या नाहीत. जागा नसतील तर ती गोळी फुकट. म्हणजे आमच्या कागदावरचा आकडा बघून डॉक्टर गोळी लिहायचे किंवा लिहायचे नाहीत.

तो तुकडा सोमीबाईचा होता.

सोमीबाई वांगणीची. पावसाळ्यात ती पहिल्यांदा आली, तेव्हा गाठ इतकी वाढलेली होती की लगेच ऑपरेशन करता येत नव्हतं. आधी किमोथेरपी देऊन गाठ बारीक करायची, मग कापायची, असं ठरलं. किमोच्या आधी गाठीचा एक छोटा तुकडा तपासायला काढला. तो आणायला मी थर्मास घेऊन गेलो, तर केसपेपरवर वांगणी दिसलं.

"वांगणी म्हणजे जव्हारकडची ना?"

"तू कसा रं वळखतंस?"

"मी खोडाळ्याकडचा."

"खोडाळ्याचा? आन् पांढरा कोट घालतंस?" ती हसायला लागली. भिंतीशी उकिडव्या बसलेल्या नवऱ्याला, लहानूला म्हणाली, "ओ, बघा तरी. आपला डागतर."

"डॉक्टर नाही, मावशी. तपासणी करतो फक्त."

"कसली?"

"तुमच्या गाठीची."

"मंग नीट बघ हां पोरा. नागली पाखडतात ना, तशी."

पहिली टेस्ट मीच लावली. आकडा चांगला मोठा आला. म्हणजे गोळी चालणार होती. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी सही केली, कागद फाइलला गेला.

किमो दसऱ्यापर्यंत चालली. सोमीबाईचे केस गेले, तोंड आलं, पण गाठ खरंच बसली. दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. लहानू मला जिन्यात भेटला की एकच विचारायचा, "घरी कधी सोडतीन?" मी म्हणायचो, "सोडतील." एकदा तो म्हणाला, "भात झोडून झाला का आम्हांना थांबता नाय यायचा." मी मान हलवली. घाईत होतो.

तर त्या दुपारी हातात होता तो हा दुसरा तुकडा. किमोनंतरचा. पहिला कुटला तेव्हा मऊ पेरूसारखा फुटला होता. हा वाळलेल्या चामड्यासारखा. दुप्पट वेळ कुटला, तरी तंतू राहिलेच. मी माझ्या वहीत एक शब्द लिहिला, 'चिवट'. टेस्ट लावली. आकडा जवळजवळ शून्य आला.

मला तेव्हाच शंका आली होती. आमचा आकडा रसातल्या अमुक इतक्या एकूण प्रथिनामागे किती रिसेप्टर, असा निघतो. आता समजा, एका मापात नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे मोजायचे आहेत. माप दाण्यांनी भरलेलं असेल तर हिशेब बरोबर. पण दाणे उडून गेले आणि मापात कोंडाच उरला, तर? माप भरलेलंच दिसणार आणि दाणे मूठभरही निघणार नाहीत. म्हणून काही ती नागली नव्हती असं होत नाही. किमोने गाठीतल्या पेशी मारल्या होत्या. त्यांच्या जागी शरीराने चिवट व्रण भरला होता. मी बहुतेक तो व्रणच कुटला होता.

बहुतेक. या शब्दावर मी अडलो. किमोनंतर उरलेल्या पेशींतलं प्रथिन खरंच कमी झालेलंही असू शकतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी विद्यार्थी. मॅडमना काय सांगणार, की तुम्ही सही केलेला कागद मला पटत नाही? गप्प बसलो. सर्जरीच्या सरांनी ताजा रिपोर्ट धरला आणि सोमीबाईच्या कार्डावर लिहिलं, गोळीची गरज नाही. दिवाळीनंतर तिला सोडलं. जाताना ती लॅबच्या दारापर्यंत आली.

"नीट बघितलंस ना रं?"

"हो, मावशी."

त्यानंतर तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका सकाळी मॅडमच्या टेबलापाशी गेलो.

"मॅडम, सोमीबाईच्या रिपोर्टबद्दल जरा..."

"कोण सोमीबाई? नंबर सांग."

नंबर सांगितला. वही पुढे केली. "दुसरा तुकडा चिवट होता. मला वाटतं, त्यात गाठ कमी आणि व्रण जास्त होता."

"हे आज वाटलं तुला?"

"नाही. त्याच दिवशी."

"मग त्या दिवशी तोंडात काय होतं? लाडू?"

मॅडम तडक पॅथॉलॉजीत गेल्या. तिथे त्याच गाठीच्या शेजारच्या भागाचा पातळ काप लावलेली काच होती. मायक्रोस्कोपला डोळा लावून त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "ये. बघ." गुलाबी दोरखंडासारखे तंतूच तंतू. मध्ये कुठे चार पेशी, कुठे दोन.

सर्जरीचे सर आधी चिडले. "किमोने प्रथिन बदलतं असं तुम्हीच सांगता. आता बदललं नाही म्हणता?"

"बदललं की नाही, ते या तुकड्यावरून कळत नाही, एवढंच म्हणते," मॅडम म्हणाल्या. "आमचा रिपोर्ट 'नाही' असा नव्हता, सर. 'माहीत नाही' असा होता. आम्ही तो तसा लिहिला नाही."

सरांनी फाइल चाळून जुना कागद काढला. "पहिला रिपोर्ट चांगला आहे. गोळी सुरू करू. बोलवा तिला."

"मी पत्र लिहितो," मी म्हणालो. "माझ्या भागातली आहे."

हे मी अभिमानाने म्हणालो. अंतर्देशीय पत्र आणलं. सोप्या भाषेत लिहिलं, की मावशी, तपासणीत माझ्याकडून चूक झाली, तुमच्यासाठी औषध आहे, लगेच या. केसपेपरवरचा पत्ता सुवाच्य अक्षरात उतरवला. मुक्काम वांगणी, तालुका जव्हार, जिल्हा ठाणे. मागे माझं नाव आणि हॉस्पिटलचा पत्ता. टाकलं.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मॅडम विचारायच्या, "आली का तुझी पेशंट?"

"नाही."

"तुमच्याकडची माणसं अशीच. जरा बरं वाटलं की फिरकत नाहीत."

मी म्हणालो, "हो, मॅडम. त्यांना उपचाराची किंमत नाही." हे माझेच शब्द आहेत. फाइलवर शेरा पडला, पेशंट पुन्हा आली नाही.

त्यानंतर एका सकाळी हॉस्पिटलच्या फाटकात ट्रक उभा होता. नव्या इमारतीसाठी विटा उतरवत होते. मी बाजूने जाताना एक वीट पायाशी पडली, आणि मी तिथेच थांबलो.

भात झोडून झालं की आमच्याकडचे पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. म्हातारीकोतारी आजारी असली तरी घेऊन जातात, कारण मागे भाकरी करून घालायला कोणी उरत नाही. होळीला परत येतात. तोवर घरांची दारं लावलेली. हे मला कोणी सांगायला नको होतं. शाळेत घालेपर्यंत मी स्वतः बापाबरोबर भट्टीवर जात होतो. माती तुडवलेली आहे मी. आणि मी मार्गशीर्षात वांगणीला पत्र टाकलं होतं. लहानूने जिन्यात मला तोंडाने सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती.

सोमीबाई हॉस्पिटलपासून दोन-तीन तासांवर कुठेतरी विटांच्या राशीशेजारी झोपडीत बसलेली असणार, आणि तिचं पत्र डोंगरात.

तीन रविवार मी भट्ट्या धुंडाळल्या. "वांगणीचा लहानू आहे का?" मुकादम विचारायचे, "कंचा लहानू? इथं धा लहानू हायेत." वांगणीचा एकही सापडला नाही. मग होळीची वाट बघण्याशिवाय हातात काही राहिलं नाही.

गोळीने सोमीबाई वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. तो हक्क मला नाही. कामातून जे शिकलो तेवढं सांगतो. किमोनंतरचा तुकडा आला की आधी काच बघायची, त्यात गाठ आहे की व्रण, आणि मगच आकडा लिहायचा. शंका आली तर त्याच दिवशी बोलायचं. आणि केसपेपरवर पत्ता घेताना विचारायचं, या महिन्यात तुम्ही कुठे असता. तिसरी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती, आणि आमच्या लॅबमध्ये ती फक्त मलाच माहीत होती.

होळीनंतर आठ दिवसांनी कार्ड आलं. वांगणीच्या शाळेतल्या गुरुजींचं. ते असं:

"आपले पत्र पोस्टमनने शाळेच्या दारातून आत टाकले होते. मुले आईबापांबरोबर गेल्याने शाळा ओस होती व मी जव्हारला दुसऱ्या कामावर होतो, म्हणून उशिरा हाती आले. सौ. सोमीबाई माघ महिन्यात भट्टीवर वारल्या. लहानू परवा आला. पत्र मी त्याच्या हाती दिले. त्याने ते फोडले नाही, परत माझ्याकडे आणून दिले. दवाखान्यातल्या आपल्या पोराने काय लिहिले आहे ते वाचून दाखवा, म्हणतो. पत्र सौ. सोमीबाईंच्या नावाचे व त्या आता नाहीत; मागे आपला पत्ता होता म्हणून आधी आपणांस विचारतो. वाचून दाखवू का?"