रेडिएटरचं पाणी

तापलेल्या रबराचा आणि गंजक्या पाण्याचा वास आला की मला साक्रीतलं आमचं अंगण दिसतं. लढाईच्या काळात गावात मोजक्याच मोटारी होत्या, त्यांतली एक माझी. आदल्या दिवशी धुळ्याहून येताना ती तीनदा उकळली होती, म्हणून सकाळीच मी बॉनेट उघडलं. पाणी भरलेलं होतं, पंख्याचा पट्टाही घट्ट होता. पण इंजिन थोडं चालवून रेडिएटरला हात लावला तर वरून चटका बसला आणि खालून तो थंडगार लागला. म्हणजे आत गाळ साचला होता. मी रेडिएटर सोडवत होतो तेवढ्यात नवऱ्याला बैलगाडीत निजवून एक बाई आली. गाडी तिनेच हाकली होती. तो तापाने फणफणला होता. “भाऊ, यास्ले धुळाले लई चला,” त्याला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला ती विनवू लागली. मी म्हणालो, “बाई, आधी हे धुवावं लागेल. पाणी खूप लागेल.” “पानी मी आनस,” म्हणत तिने आमची घागर उचलली. विहिरीवरून ती खेपा घालत राहिली आणि मी उलट्या बाजूने पाणी ओतत राहिलो. पिवळा चिखल निघाला, कापसाचे तंतू निघाले, शेवटी नितळ पाणी आलं. सगळं जोडून इंजिन बराच वेळ चालवलं, तापलं नाही. मग आम्ही त्याला उचलायला गेलो, तर त्याचा श्वास थांबलेला होता. ती रडली नाही. घागरीकडे बघत एवढंच म्हणाली, “त्यास्नी दोनदा पानी मांगं, भाऊ. मी म्हनं, पहिले मोटरनं पानी व्हई जाऊ द्या.” ती मोटार पुढे कधी तापली नाही. मी मात्र या वयातही कोणी पाणी मागितलं की हातातलं काम टाकून उठतो.